बुधवारी सांगायला काही नसतं

प्रिय मावशी,

मी कोपरखैरण्याला राहते. माहेर नगर जिल्ह्यातलं, लग्न होऊन इकडे आले त्याला चौदा वर्षं झाली. यजमान तुर्भ्याला मार्केटात कामाला आहेत, मध्यरात्र उलटली की निघतात. मी ठाण्याला एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. दीड वर्षापूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. पहाटे उठून त्यांचं सगळं आवरायचं, दोन मुलांचे डबे भरायचे आणि सातच्या सुमाराची ठाणे गाडी पकडायची. मी नसताना शेजारच्या काकू त्यांच्याकडे बघतात. त्या आपल्या लोकांतल्या नाहीत, माळकरी आहेत, पण एक पैसा घेत नाहीत.

आमच्या चर्चच्या भगिनींची बुधवारी प्रार्थना असते. आठवडाभरात रोजच्या जगण्यातून प्रभूनं काय शिकवलं, ते एकेकीनं सांगायचं असा नेम आहे. कुणाला कुंडीतल्या रोपावरून वचन सुचतं, कुणाला सिग्नलला थांबल्यावर. माझ्यापाशी काहीच नसतं. गेल्या महिन्यात सासूबाईंना धरून नेताना त्या बाथरूममध्ये घसरल्या. ते कळल्यावर एक भगिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "प्रभू तुला यातून शिकवतोय. तू ऐकत नाहीस म्हणून असं होतंय." त्या रात्री मी फार रडले. प्रार्थनेला बसले की डोळा लागतो. आता तर मी सकाळी निघताना सासूबाई डाव्या हाताच्या बोटांनी उजव्या मनगटावर टकटक करून दाखवतात. मला उशीर होतोय हे मला कळत नाही का? मी चिडून निघते आणि दिवसभर मनाला खात राहतं. माझा विश्वास कमी पडतोय का?

– एक भगिनी

प्रिय भगिनी,

माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून एकेरीत लिहिते.

आधी त्या बुधवारच्या वाक्याचं बघू, कारण ते आत रुतून बसलंय आणि ते काढल्याशिवाय तुला दुसरं काही ऐकू यायचं नाही. तू ऐकत नाहीस म्हणून प्रभूनं तुझ्या सासूला पाडलं, असं शुभवर्तमानात कुठेही बसत नाही. हाच प्रश्न येशूपुढे आला होता. जन्मापासून आंधळा असलेला माणूस बघून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? योहानाच्या नवव्या अध्यायात त्याचं उत्तर आहे: याचंही नाही आणि याच्या आईबापाचंही नाही. मग तो वाकून थुंकीनं मातीचा चिखल करतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा माणसांचा विषय निघतो. ती माणसं यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त दोषी होती असं तुम्हांला वाटतं का, असं येशू स्वतःच विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. पुढे तो पश्चात्तापाचं बोलतो हे खरं, पण ते समोर उभ्या असलेल्या सगळ्यांना उद्देशून. मेलेल्यांकडे बोट दाखवून तो काहीही म्हणत नाही.

तुझ्या सासूबाई घसरल्या, कारण फरशी ओली होती, त्यांच्या पायात जोर नाही आणि एवढं अंग पेलायला तू एकटी होतीस. यातून शिकायचं ते एवढंच की बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडा बसवून घे, खाली खरखरीत रबरी मॅट टाक आणि आत प्लास्टिकची बिनघसरती खुर्ची ठेव, म्हणजे त्यांना उभं राहावं लागणार नाही. हे याच आठवड्यात कर. पुढचं पत्र नाही वाचलंस तरी चालेल, पण दांडा बसव.

माझे यजमान गेले, तेव्हा पहिल्या आठवड्यातच मी अशी चार-पाच वाक्यं ऐकली. देवाला तो जास्त आवडला, देव तुला घडवतोय, वगैरे. बोलणारी माणसं मनानं वाईट नव्हती. दुसऱ्याच्या दुःखापुढे गप्प बसवत नाही म्हणून माणसं बोलतात. पण त्यांतलं एकही वाक्य मला पुढे कधी उपयोगी पडलं नाही. मला आठवते ती आमच्या मजल्यावरची एक बाई. ती आली, काही न बोलता तिनं फ्रिज उघडला, चार दिवसांचं नासलेलं दूध ओतून दिलं आणि पातेलं घासून ओट्यावर पालथं घातलं. त्या पालथ्या पातेल्याकडे बघून मी पहिल्यांदा मोकळी रडले. मला ते अजून दिसतं.

आता झोपेचं. प्रार्थनेला बसलं की डोळा लागतो, असं तू अपराध केल्यासारखं लिहिलंस. जुन्या करारातल्या 'पहिले राजे' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातला एलीया संदेष्टा आठव. दमून, घाबरून तो रानात एका झुडपाखाली आडवा झाला आणि म्हणाला, पुरे झालं, माझा जीव घे. देवानं त्याला काय सांगितलं? काही नाही. त्याला झोपू दिलं. मग देवदूतानं शिवून उठवलं आणि ऊठ, खा, एवढंच म्हटलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो जेवला आणि परत झोपला. देवदूतानं पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी मंद, शांत वाणीनं बोलला तो प्रसंग आपण सगळे सांगतो, पण तो त्यानंतरचा आहे, दोन झोपा, दोन जेवणं आणि चाळीस दिवसांची चाल झाल्यावरचा. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्राकाठी तसंच. रात्रभर जाळी टाकून शिष्य रिकाम्या हातानं दमले होते. प्रभूनं काठावर कोळशाचा विस्तव पेटवून त्यावर मासळी ठेवली होती, सोबत भाकर. या, न्याहारी करा, म्हणाला. पेत्राशी जे बोलायचं होतं ते खाणं उरकल्यावर.

तेव्हा प्रार्थनेत डोळा लागला तर लागू दे. पण रात्रीची झोप मात्र मागून घे, आणि देवाकडे मागतेस तशी माणसांकडेही माग. यजमान मध्यरात्रीनंतर निघतात म्हणजे दुपारी घरी येत असतील. संध्याकाळचं भरवणं, अंग पुसणं, कुशी बदलणं त्यांनी करायला काय हरकत आहे? त्यांचीच आई आहे. तुझ्या पत्रात नणंद-दिरांचा उल्लेख नाही. असतील तर महिन्यातून दोन दिवस त्यांनी येऊन राहावं, असं स्पष्ट सांग. कुशी दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे तुला कुणी सांगायला नको. एका बाईनं दीड वर्ष एकटीनं पेलण्यासारखं हे काम नाही. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो, आणि तीही 'आज आम्हास दे' म्हणून. वर्षभराचं धान्य त्यात मागितलेलं नाही. तुझी आजची भाकर म्हणजे मला तर सहा तासांची सलग झोप दिसते.

इथवरचं सोपं होतं. आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते, कारण रोजच्या गोष्टींत प्रभू भेटतो यावर माझाही विश्वास आहे आणि तो तुझ्या हातून सुटू नये असं मला मनापासून वाटतं.

चर्चमधल्या मुलांच्या शब्बाथ शाळेत मी सत्तावीस वर्षं शिकवलं. एका मे महिन्यात जुन्नरकडचा एक मुलगा ठाण्याला मामाकडे सुट्टीला आला होता. मी येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला घेत होते. वाट म्हणजे काय, खडकाळ जमीन म्हणजे काय, काटे म्हणजे काय, मुलांकडून घोकून घेत होते. त्यानं हात वर केला. "टीचर, बियाणं एवढं महाग असतं. त्यानं वाटेवर कशाला टाकलं?" मला उत्तर देता आलं नाही. तोवर वीस वर्षं मी त्या दाखल्याचा अर्थ सांगत होते आणि त्या शेतकऱ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. घरी येताना मला सारखा त्याचा हात दिसत होता. मूठ भरायची आणि फेकायची. काही वाटेवर पडतंय, पाखरं टिपतायत, तरी तो मूठ आखडत नाही. शेतकऱ्याच्या पोरानं विचारलं म्हणून मला तो हात दिसला. अर्थ मला पाठ होता, आणि पाठ होता म्हणूनच मी बघायची थांबले होते.

येशू जे दाखले द्यायचा ते असे नीट बघितलेले असायचे. मत्तयच्या तेराव्या अध्यायात एक बाई खमीर घेऊन तीन मापं पिठात लपवते. एका ओळीचा दाखला. पण तीन मापं म्हणजे आजच्या हिशेबानं पस्तीस-चाळीस लिटर पीठ, शंभरेक माणसं जेवतील एवढं. ते मळताना त्या बाईच्या दंडाला, कमरेला काय झालं असेल, तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. मला नेहमी वाटतं की हे सांगणाऱ्यानं लहानपणी घरात कुणाच्या तरी शेजारी बसून पीठ मळलेलं पाहिलं असणार. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं खर्चून हिब्रू-ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं, ते साध्यासुध्या बायांना समजावं अशा मराठीत. तो खटाटोप का, हे मला असल्या दाखल्यांपाशी कळतं. ज्या घरातून तो दाखला उचललाय त्या घरातल्या बाईलाच तो कळला नाही तर काय उपयोग?

आणि त्यातला 'लपवलं' हा शब्द बघ. तू रात्री विरजण लावतेस ना? कोमट दुधात चमचाभर दही घालून झाकून ठेवायचं. मग सारखं झाकण काढून, चमचा घालून हलवत राहिलं की सकाळी हातात चोथापाणी येतं. दर बुधवारी काहीतरी काढून दाखवायचंच, या नेमाची मला नेमकी तीच भीती वाटते. भगिनींचा हेतू चांगला आहे. पण सांगायचं म्हणून बघायला लागलं की माणूस वस्तूकडे बघत नाही, वस्तूवर चिकटवायला वचन शोधतो. तुझ्यापाशी काही नसतं याचा अर्थ तू आंधळी आहेस असा मी लावत नाही. तू खोटं जुळवत नाहीस, एवढंच मला त्यातून दिसतं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

आता तुझ्याच पत्रातली एक ओळ. शेवटी, चिडून लिहिलेली. सासूबाई डाव्या हाताच्या बोटांनी उजव्या मनगटावर टकटक करतात.

त्या ओळीपाशी मी पुन्हा पुन्हा थांबले. उजवी बाजू गेली की पुष्कळदा बोलणंही जातं, कारण शरीराची उजवी बाजू मेंदूचा डावा भाग चालवतो आणि बहुतेकांचं बोलणंही तिथूनच चालतं. पण शब्द गेले म्हणून समजही गेलीच असं होत नाही. बायकांच्या घरात आयुष्यभर हजार गोष्टी बोलणाऱ्या त्या बाईपाशी आता एक हात आणि चार खुणा उरल्यात. त्यांतली एक त्या रोज सकाळी तुझ्यासाठी वापरतात. उशीर होतोय, असं असेल. घड्याळ विसरलीस, असंही असेल. हा हात सुन्न पडलाय, जरा चोळून दे, असेल. परत कधी येणार, असंही असू शकेल. दिवसभर कॉटवर पडून असलेल्या माणसाला घरातलं माणूस किती वाजता परत येणार याहून मोठं काय असतं? मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर तुलाही माहीत नाही. तू ते टोमणा समजून दार ओढून घेतेस.

मोशे सासऱ्याची मेंढरं चारत होता. इथ्रोची. स्वतःची नव्हेत, सासरची, रोजची, कंटाळ्याची. झुडूप पेटलेलं दिसलं तेव्हा तो म्हणाला, मी वळून जाऊन बघतो. निर्गमच्या तिसऱ्या अध्यायातलं चौथं वचन काढून वाच. तो बघायला वळला हे परमेश्वरानं पाहिलं, आणि मग त्याला हाक मारली. हाक वळल्यावर आली. त्यानं मेंढरं तशीच पुढे हाकली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी अनेकदा करते.

उद्या पाच मिनिटं लवकर आवर. पर्स खाली ठेव, कॉटवर बस, ते मनगट हातात घे आणि विचार. एका वेळी एकच प्रश्न, मान हलवून हो-नाही सांगता येईल असा. घड्याळ का? गाडी का? हात दुखतोय का? मी कधी येणार ते विचारताय का? प्रत्येक प्रश्नानंतर थांब, त्यांना उत्तराला वेळ लागेल. भिंतीवरचं घड्याळ काढून समोर धर आणि संध्याकाळी काटे कुठे असतील तिथे बोट ठेव. पहिल्या दिवशी नाही कळलं तर दुसऱ्या दिवशी कळेल. त्यातून एखादं वचन सुचेलच असं मी सांगत नाही. कदाचित त्यांना खरंच तुझ्या गाडीची काळजी असेल आणि बाकी काही नसेल. तरी दीड वर्षात पहिल्यांदा त्यांचं म्हणणं कुणाला तरी कळलेलं असेल.

शेजारच्या काकूंबद्दल तू "आपल्या लोकांतल्या नाहीत, पण" असं लिहिलंस. तो 'पण' खोडून टाक. कफर्णहूमचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अधिकारी, यहूदी नव्हता. त्याचा चाकर पक्षाघातानं घरी पडून होता, आणि असा विश्वास मला इस्राएलातही आढळला नाही असं येशू त्याच्याबद्दल म्हणाला. आपल्या मराठी मंडळीत तर हे नवीन वाटायला नको. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं ते उघड सांगत. काकू पैसे घेत नाहीत, ठीक. आषाढी-कार्तिकीला त्यांना पंढरपूरला किंवा निदान जवळच्या देवळात जायचं असेल. त्या दिवशी तू रजा टाक, त्यांनी मागायच्या आधी.

प्रार्थनेची वेळही बदल. सोळाव्या शतकात जेसुइट या कॅथलिक संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोलांनी आपल्या सोबत्यांना एक साधी सवय लावली होती. दिवस मनात परत फिरवून बघायचा, कुठे देवाचे आभार मानावेसे वाटले, कुठे आपलं चुकलं. जेसुइट लोक ते अजून करतात, आपल्याकडे फारसं शिकवत नाहीत. तुझ्यासाठी मी ते आणखी लहान करते. संध्याकाळी ठाण्याला गाडीत बसलीस, अगदी चौथी सीट मिळाली तरी, गाडी सुटल्यापासून ऐरोली येईपर्यंत आजचा एकच प्रसंग आठव. कोण होतं, हात कुठे होते, आवाज कसा होता. अर्थ लावू नकोस. प्रभू, हे तूही पाहिलंस ना, एवढं म्हण. ऐरोलीनंतर खुशाल डोळे मीट, शेजारणीला कोपरखैरणे आलं की उठवायला सांग.

पुनरुत्थानाच्या दिवशी अम्माऊस गावाच्या अकरा-बारा किलोमीटरच्या वाटेवर दोघे शिष्य प्रभूबरोबर चालले, आणि तो कोण हे त्यांना चालताना कळलं नाही. भाकर मोडल्यावर कळलं, आणि आपलं अंतःकरण वाटेत पेटलं होतं हे तर त्याही नंतर आठवलं. तुझंही उशिरानं आठवेल. सासूबाईंचं सगळं संपल्यावर, कदाचित काही वर्षांनी, ओट्यापाशी उभी असताना. त्याला बुधवार पाळायला सांगता येत नाही.

या बुधवारी तुझी पाळी आली तर पास म्हणू नकोस. म्हण, "या आठवड्यात शिकवण नाही. आमच्या घरी रात्री कुणी दोन तास बसलं तर मी झोपेन." वाक्य जड जाईल, पण म्हण. कुणी ना कुणी उठेल. आणि ज्या भगिनीनं तुला ते वाक्य ऐकवलं, तिच्याबद्दल मनात अढी धरू नकोस. जमलं तर तिलाच आधी विचार. तिला काय करावं हे सुचलं नव्हतं, आता सुचेल.

मनगटावरच्या खुणेचं काय निघालं ते मला नक्की कळव. दोन ओळींचं पत्रही चालेल.

तुझी,
मावशी